फळीवरचा रेडिओ कोणासाठी बोलतो?

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला एक लाकडी फळी होती. फळीवर पिठाचे डबे आणि डब्यांच्या शेजारी रेडिओ. गिरणी संपानंतर वडिलांचे काम सुटले आणि ते रात्रपाळीचे वॉचमन झाले. घरात भिंतीवरचे घड्याळ नव्हते. संध्याकाळी 'जयमाला' लागली की आई भाकरी थापायला बसे. 'हवामहल' सुरू झाले की वडील डबा घेऊन निघत. सकाळी 'भूले बिसरे गीत' चालू असताना ते परत येत आणि आम्ही दप्तर पाठीला लावून शाळेला निघत असू. बापलेकांची भेट व्हायची ती तेवढ्या दोन-तीन गाण्यांपुरतीच.

वाचक बंधू-भगिनींनो, हे सांगण्याचे कारण असे की हल्ली सगळीकडे एकच प्रश्न कानावर येतो : "आता रेडिओ कोण ऐकतो? जुनी गाणी तर सगळी मोबाईलवर मिळतात!" प्रश्न खोटा नाही. जुन्या गाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या विविध भारतीसारख्या सेवेला आज याच प्रश्नाशी झुंजावे लागत आहे. या सेवेचे कार्यक्रम आमच्याच मुंबईत, बोरिवलीला तयार होतात आणि देशभर जातात. म्हणून तिच्या झुंजीचा विचार आमच्यासारख्या कामगार कुटुंबांनी करावा, असे आम्हाला वाटते.

गाणी तेव्हा नवी होती

आज ज्यांना आपण जुनी गाणी म्हणतो ती एके काळी सरकारला फार उथळ वाटत होती. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीत वाढावे ही त्यांची इच्छा. त्यासाठी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली. निर्मात्यांशी वाद झाला आणि ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली.

पण लोकांची आवड हुकमाने बदलत नाही. लोकांनी रेडिओची सुई फिरवली आणि कोलंबोला नेऊन थांबवली. रेडिओ सिलोनवर ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याच्या दारात शेजारीपाजारी जमू लागले. परदेशातले एक स्टेशन आपल्या माणसांना आपल्याच देशातली गाणी ऐकवत होते!

शेवटी आकाशवाणीला जाग आली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. पहिले गीत पंडित नरेंद्र शर्मा यांनी लिहिले, अनिल विश्वास यांनी चाल दिली आणि मन्ना डे यांनी गायले. आमच्या वाचकांना आणखी एक ३ ऑक्टोबर आठवेल. १९५४ साली त्याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले होते. तारखांचा हा योगायोग आहे, त्यातून जास्त अर्थ काढू नये. पण ज्या घरात वर्तमानपत्र वाचणारा कोणी नव्हता त्या घरातही रेडिओ बोलत होता, ही गोष्ट खरी आहे.

१ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. साबण, दंतमंजन, बाम यांची नावे मुलांना पाढ्यांआधी पाठ झाली. 'हवामहल'च्या नाटिका, फौजी भाईंसाठी 'जयमाला', रात्रीचे 'छायागीत' असा घराघरांत दिवस विभागला गेला. या सगळ्यांत जी गाणी वाजत होती ती त्या वेळी ताजी होती. पुढे ती गाणी जुनी झाली आणि ऐकणाऱ्यांचे केस पिकले. स्टेशनने म्हातारे व्हायचे ठरवले नव्हते, ते आपल्या श्रोत्यांबरोबर वयाने वाढत गेले.

एक पोस्टकार्ड

आमच्या चाळीत शेजारी एक काकू राहत. चार घरची धुणीभांडी करीत. जेथे काम करीत तेथे त्यांना कोणी नावाने हाक मारीत नसे, सगळीकडे "ए बाई". दुपारी घरी आल्या की आमच्या आईबरोबर कार्डाला बटणे लावायला बसत. ग्रोसच्या हिशेबाने पैसे मिळत. हात बटणांवर आणि कान 'मन चाहे गीत'वर.

एके दिवशी त्या आम्हाला म्हणाल्या, "बाळा, माझं बी एक कार्ड लिही की." आम्ही तेव्हा सहावीत. १५ पैशांचे पोस्टकार्ड आणले. गाण्याचे नाव, चित्रपटाचे नाव, खाली काकूंचे पूर्ण नाव, मग त्यांच्या तिन्ही मुलांची नावे, मग आमच्या आईचे. काकूंना अक्षर येत नव्हते, तरी कार्ड पेटीत टाकण्याआधी त्यांनी ते उलटेपालटे करून दोनदा बघितले.

कित्येक आठवडे गेले. आम्ही तर विसरूनही गेलो होतो. एका दुपारी निवेदिकेने नावे वाचायला सुरुवात केली. झुमरीतलैयाची नावे झाली. अभ्रकाच्या खाणींचे ते गाव देशाला ठाऊक झाले ते फर्माईशीच्या कार्डांमुळेच. आणखी दोन-चार गावे झाली. मग "मुंबई, वरळी से" म्हणून काकूंचे नाव आले. बटणांचे कार्ड काकूंच्या हातून खाली पडले. गाणे लागले, पण ते कोणी ऐकले नाही. चाळीतले सगळे दारात उभे राहून "काकू, तुमचं नाव आलं!" असे ओरडत होते. संध्याकाळी काकूंनी वाटीभर साखर आणून घरोघरी चिमूट चिमूट वाटली.

आज त्या गोष्टीचा विचार केला म्हणजे आम्हाला वाटते की काकूंना गाणे नकोच होते. त्यांना आपले नाव नीट, पूर्ण, आडनावासकट ऐकायचे होते. आडनाव ऐकून आमच्या लोकांकडे कसे बघितले जाते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. रेडिओवरच्या त्या बाईंनी ते नाव आधीच्या आणि नंतरच्या नावांसारखेच वाचले. त्यात कमी नाही, जास्त नाही.

बाजार काय म्हणतो?

मग दूरदर्शन आले, मुंबईत १९७२ साली. मग स्वस्त कॅसेटी आल्या, १९९० नंतर केबल आली. प्रत्येक वेळी रेडिओ संपला असे लोक म्हणाले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. त्यावर केवळ सरकारची मक्तेदारी चालणार नाही आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे, असा त्याचा आशय होता. पुढे खासगी कंपन्यांना एफएमचे परवाने मिळाले. २००१ साली बंगळूरला आणि २००२ साली मुंबईत खासगी स्टेशने सुरू झाली.

खासगी स्टेशनचे गणित आम्हा कारकुनांना चटकन समजते. जमेच्या बाजूला जवळजवळ सगळ्या जाहिराती. खर्चाच्या बाजूला परवान्याची फी, वीज, पगार आणि वाजवलेल्या गाण्यांची रॉयल्टी. ही रॉयल्टी किती असावी यावर कंपन्यांत मोठे भांडण झाले. शेवटी २०१० साली कॉपीराइट बोर्डाने ती जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के ठरवली. आता जाहिरात देणारा काय विचारतो? तुमचा श्रोता किती वयाचा आणि त्याच्या खिशात किती? पंचविशीतला नोकरदार त्याला हवा असतो. पेन्शनीत निघालेला गिरणी कामगार त्याला नको असतो. गाणी लोकांना आवडत नाहीत म्हणून जुन्या गाण्यांचे स्टेशन अडचणीत येते असे नाही. ती ज्यांना आवडतात त्यांना बाजारात भाव नसतो, म्हणून ते अडचणीत येते.

याचे एक उदाहरण पाहा. वर्ल्डस्पेस नावाचा उपग्रह रेडिओ भारतात आला होता. वेगळा संच विकत घ्यायचा, आकाशाकडे तोंड करून अँटेना लावायची आणि वर वर्गणी भरायची. त्यावर जुन्या हिंदी गाण्यांसाठी 'फरिश्ता' नावाचे खास स्टेशन होते. आवाज स्वच्छ, मध्ये जाहिरात नाही. पण मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली ही सेवा बंद झाली. श्रोत्यांचे संच शोभेचे झाले.

उलट बाजूही पाहा. २०१७ साली सारेगामा कंपनीने 'कारवां' नावाचा रेडिओसारखा दिसणारा डबा काढला. आत ५००० जुनी गाणी भरलेली. किंमत हजारांत असूनही तो खूप खपला. मुलांनी आईवडिलांना भेट म्हणून दिला. म्हणजे जुन्या गाण्यांना गिऱ्हाईक आहे. पण गाण्यांचा डबा आणि स्टेशन यांत फरक आहे. तो फरक आम्हाला एका काकांनी शिकवला.

"मधे माणूसच नाही"

आमच्या वस्तीत रविवारी आम्ही काही कार्यकर्ते ज्येष्ठांचे अर्ज भरून देतो. श्रावणबाळ योजना, रेशनकार्डातली नावाची दुरुस्ती, बँकेचे हयातीचे दाखले अशी कामे असतात. असाच एका काकांचा अर्ज भरायला त्यांच्या घरी गेलो होतो. वय पंचाहत्तरीच्या पुढे. जन्म गिरणीत गेला. मुलगा-सून दोघेही कामावर जातात, नातू क्लासला. दिवसभर काका एकटे. जुना ट्रान्झिस्टर केव्हाच बंद पडला होता. मुलाने हौसेने मोबाईल घेऊन दिला होता आणि त्यात जुन्या गाण्यांचे काहीतरी लावून दिले होते.

आम्ही विचारले, "काका, आता तर हवी तेवढी गाणी, मजा आहे!"

काका म्हणाले, "गाणी लागतात रे बाळा. पण एक संपलं की दुसरं. दुसरं संपलं की तिसरं. मधे माणूसच नाही. किती वाजले तेबी कोण सांगत नाही."

वाचकहो, या विषयावर आम्ही पुष्कळ ऐकले होते, पण काकांच्या या पाच वाक्यांत जेवढे होते तेवढे कोठे ऐकले नव्हते. मोबाईल गाणे वाजवतो, पण तो कोणाला उद्देशून बोलत नाही. एकट्या माणसाला गाण्याइतकीच "नमस्कार, दुपारचे अडीच वाजले आहेत" हे म्हणणाऱ्या आवाजाची गरज असते. त्याच वेळी तोच आवाज नागपूरलाही कोणी ऐकत आहे, आपण एकटे नाही, ही जाणीव असते.

मग आम्ही म्हटले, मोबाईलवरच रेडिओ लावून देऊ. तेथे खरी अडचण कळली. साध्या बटणांच्या फोनमध्ये एफएम असे आणि इअरफोनची वायर हीच त्याची अँटेना असे. आता पुष्कळ नव्या फोनांना वायर खोचायला भोकच नाही. कित्येकांत एफएम दिलेलेच नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन बनवणाऱ्या कंपन्यांना एफएमची सोय चालू ठेवा असा सल्ला दिला. सल्लाच तो, सक्ती नव्हे. आकाशवाणीचे 'न्यूज ऑन एअर' हे ॲप आहे आणि ते चांगले आहे. पण त्याला इंटरनेट लागते आणि इंटरनेटला रिचार्ज लागतो. हवेतून जे फुकट येत होते त्याच्यासाठी आता दर महिन्याला पैसे मोजायचे.

शेवटी स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून काही शे रुपयांचा छोटा रेडिओ आणला. पूर्वी विविध भारती मध्यम लहरींवर लागे. त्या लहरी दूरवर जातात, पण ट्यूबलाइट आणि चार्जरच्या खरखरीत बुडतात. मुंबईत आता ती एफएमवर १०२.८ ला मिळते. रेडिओ खिडकीच्या गजाला टांगला, अँटेना बाहेर काढली, आवाज स्वच्छ आला. काकांनी तो कानाशी धरला आणि आमचा अर्ज तसाच अर्धा राहिला. पुढच्या रविवारी गेलो तर म्हणाले, "आता सकाळची गोळी चुकत नाही. जुनी गाणी लागली की घेतो."

जुने म्हणजे किती जुने?

स्टेशनचीही एक खरी अडचण आहे, ती समजून घेतली पाहिजे. काकांसाठी जुने गाणे म्हणजे सैगल आणि शमशाद बेगम. आमच्यासाठी जुने गाणे म्हणजे शाळेत असताना ऐकलेले. आमच्या मुलीला विचारले तर १९९५ सालचे गाणेही तिच्यासाठी "फार जुने" आहे, आणि हिशेबाने ते खरेही आहे. दर वर्षी 'जुने' पुढे सरकते. स्टेशनने नव्वदीची गाणी वाढवली तर काकांचा वेळ जातो. वाढवली नाहीत तर आमच्या मुलीच्या पिढीतला श्रोता येतच नाही आणि एक दिवस ऐकणारेच संपतात.

यावर तोड काय? आम्हाला वाटते, ज्याचा त्याचा वेळ ठरवून द्यावा आणि तो मोडू नये. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटांच्या संगीताचा कार्यक्रम होता. आठ वाजायच्या सुमारास तो सैगल यांच्या गाण्याने संपे. कित्येक वर्षे हा नेम चालला म्हणून लोक त्यावर घड्याळ लावीत. वेळेचा हा भरवसा मोबाईलवरच्या हजारो गाण्यांत नाही. विविध भारतीनेही 'हॅलो फर्माइश'सारख्या कार्यक्रमांतून टेलिफोन आणला आणि ॲप आणले. बदल केला तो ठीकच आहे. बदल करताना बोलणारा माणूस मात्र काढता कामा नये.

येथे कामगार चळवळीतली माणसे म्हणून एक गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे. जो आवाज आपल्याला घरचा वाटतो तो कित्येकदा रोजंदारीवरचा असतो. आकाशवाणीच्या केंद्रांवर नैमित्तिक उद्घोषक ठरावीक ड्युट्यांवर काम करतात. कायम करण्याची त्यांची मागणी जुनी आहे. उद्या खर्च वाचवायचा म्हणून आवाजही यंत्राचा लावता येईल. यंत्र वेळ सांगेल, नावही वाचेल. पण काकूंचे नाव एका माणसाने वाचले म्हणून त्यांनी साखर वाटली होती.

सरकारजवळ पैसा नाही असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या सुधारणेसाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तिच्यात एफएम देशाच्या ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नेण्याचे ठरले. ट्रान्समीटर जरूर उभारावेत. पण ट्रान्समीटरवरून बोलणार कोण आणि त्याच्या पोटाचे काय, हाही प्रश्न त्याच हिशेबात धरला पाहिजे.

आपण काय करू शकतो?

सगळा भार स्टेशनवर टाकून आपण मोकळे होऊ नये. ऐकणाऱ्याशिवाय स्टेशन नाही. आमच्या घरी आम्ही एक नेम केला आहे. रविवारी सकाळी अर्धा तास टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, रेडिओ चालू. सुरुवातीला मुलांनी तोंडे वाकडी केली. मग मुलगी आजीला विचारू लागली, "आजी, हे गाणं आलं तेव्हा तू काय करत होतीस?" आणि आजी सांगू लागली. संपाच्या दिवसांत घरात काय शिजत होते, पहिला रेडिओ कोणाच्या घरी आला, रेडिओला लायसन्स लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, हे सारे आमच्या मुलीला अशा गाण्यांमधून कळले. आम्हालाही काही गोष्टी नव्यानेच कळल्या.

प्रत्येक वस्तीत एकटे दिवस काढणारे ज्येष्ठ आहेत. त्यांच्या खिडकीला एक छोटा रेडिओ लावून द्या. चष्मा नसेल तर सुई तेथे कायमची लावून एक टिकली चिकटवून ठेवा. पाऊसपाण्यात वीज गेली, फोन बंद पडले, तरी सेलवरचा रेडिओ बोलत राहतो. २६ जुलै २००५ च्या पुरात ज्यांच्याजवळ सेलवरचा रेडिओ होता त्यांना त्याची किंमत कळली. आणि वर्षातून एकदा तरी स्टेशनला पत्र लिहा. ऐकणारे आहेत हे तेथल्या लोकांना कळले पाहिजे. पत्रात घरातल्या सगळ्यांची नावे लिहा, आडनावासकट लिहा.

आमची आई आता थकली आहे. बटणांचे काम केव्हाच सुटले. काकू तर आज हयात नाहीत. गेल्या महिन्यात आई एकदम म्हणाली, "त्यांचं नाव लागलं होतं बघ रेडिओवर." ते गाणे कोणते होते, हे मात्र तिला आठवत नाही. आम्हालाही आठवत नाही.